आईच्या डोळ्यासाठी तीन कोटेशनं

आईच्या उजव्या डोळ्यासाठी मी तीन कोटेशनं मागवली होती.

हसू नका. मी खरेदी खात्यातला माणूस आहे. गेली बावीस वर्षं दुबईत बसून मी कारखान्यांना लागणारे पंप, व्हॉल्व्ह आणि नटबोल्ट विकत घेतो. साधा वॉशर घ्यायचा असला तरी तीन ठिकाणचे भाव, मग गुणदोषांचा तक्ता, मग सही. आणि आईच्या डोळ्यात कायमची बसणारी वस्तू मी काय शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घेणार होतो?

मला राग येतो, हेही आधीच सांगून टाकतो. पार्किंगमध्ये दोन जागा अडवणाऱ्या गाडीचा येतो, प्रत्येक मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्टचा येतो, ‘इन्शाल्ला, कल’ म्हणून फोन ठेवणाऱ्या सप्लायरचा तर फारच येतो. घरच्यांचं म्हणणं असं की मी सकाळी गजर बंद करतानासुद्धा त्याच्याशी भांडतो. साफ खोटं! गजराची चूक असेल तरच भांडतो.

ज्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ठरलं, त्या आठवड्यात तर मी नुसता धुमसत होतो. कारण आमच्या ऑफिसातला कुट्टी. कुट्टी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, शांत, मान खाली घालून काम करणारा. त्याने रास अल खैमाच्या एका टाइल कारखान्यासाठी सहा पंप मागवले. उत्तम पंप! चकचकीत! फक्त ते स्वच्छ पाण्याचे होते आणि कारखान्याला हवे होते चिखलासारखा गाळ ओढणारे.

“कुट्टी, पंप चलानेवाले से पूछा था?” मी ओरडलो. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसच्या अख्ख्या मजल्याने माना वर केल्या.

“नहीं सर. कॅटलॉग में बेस्ट था.”

“बेस्ट था! जिसको चलाना है उसको नहीं पूछा, और बेस्ट था!”

मी लाल मार्कर घेतला, मोठ्या कागदावर देवनागरीत लिहिलं, ‘इस्तेमाल करनेवाले से पूछा क्या?’ आणि तो कागद कुट्टीच्या समोरच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने चिकटवला. (कुट्टी मल्याळी. हिंदी वाचायला त्याला वेळ लागतो. म्हटलं, बरंच आहे, जास्त लक्षात राहील.)

त्याच संध्याकाळी मी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

आई अठ्ठ्याहत्तरची. वडील गेल्यावर चिपळूणचं घर बंद करून ती आमच्याकडे अल बर्शाला राहायला आली, त्याला चार वर्षं झाली. शाळेत असल्यापासून तिच्या नाकावर जाड चष्मा, नंबर उणे सात. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई लखनौच्या होत्या आणि इतक्या अदबीने बोलत होत्या की भांडायला जागाच सापडेना. त्यांनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यातलं मूळचं भिंग धुरकट झालंय, ते काढायचं आणि त्या जागी कृत्रिम लेन्स बसवायची. आधी उजवा डोळा, दोन आठवड्यांनी डावा. आईच्या डोळ्याचा पडदा पातळ आहे, त्यामुळे जवळचं-लांबचं सगळं दाखवणारी लेन्स तिला नको, एकाच अंतराची साधी लेन्स बरी. मग त्या लेन्सने लांबचं स्पष्ट दिसायला हवं की जवळचं, तेवढं आपण ठरवायचं. उरलेल्याला चष्मा.

“अम्माजी से पूछकर, आराम से बताइए,” त्या म्हणाल्या.

आरामात कशाला? मी तिथल्या तिथे ठरवलं. लांबचं! आमची बाल्कनी आठव्या मजल्यावर आहे. तिथून शेख झायेद रोडवरची मेट्रो दिसते, मागे मनोऱ्यांची रांग दिसते. घर घेताना मी त्या बाल्कनीसाठी एजंटशी तीन दिवस भांडलो होतो. आणि आईला तिथून काय दिसायचं? “काहीतरी चकाकतंय हो.” चार वर्षं काहीतरी चकाकतंय! आता दाखवतोच, म्हटलं.

पुढे मी दोन दवाखान्यांत आणखी चौकशी केली. तीन कंपन्यांच्या लेन्सचा तक्ता केला. कुठे बनते, कशाची बनते, कडा कशी असते, डोळ्यात घालताना घडी कशी होते. दवाखान्यातल्या समुपदेशक मुलीला विचारलं, “वॉरंटी कितनी?”

“लाइफटाइम, सर.”

“किसकी लाइफ? लेन्स की, अम्मा की, या आपकी कंपनी की?”

ती मुलगी पाणी प्यायला गेली ती परत आलीच नाही. तिच्या जागी दुसरीने येऊन एक फॉर्म माझ्या हातात ठेवला. पेशंटची दिनचर्या वगैरे. आई शेजारीच बाकावर बसली होती, तपासणीचे थेंब घातल्यामुळे डोळे मिटून.

“माधव, काय विचारतायत रे?”

“काही नाही, फॉर्म आहे.”

“त्यांना म्हणावं, मला जवळचं...”

“आई, थेंब घातलेत ना? डोळे मीट बघू.”

(डोळे मिटले की तोंडही मिटतं, अशी माझी समजूत असावी.) फॉर्म मी चार मिनिटांत भरून टाकला, पर्चेस ऑर्डर भरतो तसा, ठसठशीत कॅपिटल अक्षरांत. त्यात काय लिहिलं ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी विसरूनही गेलो.

डिसेंबरच्या सुरुवातीला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि मी आईला दवाखान्यातून थेट बाल्कनीत नेऊन उभं केलं. बायको मेधा मोबाइल धरून तयार होती.

“बघ! ती मेट्रो! खिडक्या दिसतात ना? तो मनोरा! वरचा दिवा दिसतो ना?”

आईने बघितलं. “दिसतंय हो. उंच आहे.” मग ती वळली. “मेधा, सुई-दोरा कुठे ठेवलायस गं?”

झालं! संपला आमचा मनोरा!

आणि मग सुरू झाली चष्म्याची गंमत. गंमत म्हणजे मेधाला गंमत, मला संताप. आई उभं आयुष्य कशी बघायची? लांबचं बघायला चष्मा, आणि जवळचं बघायचं झालं की चष्मा कपाळावर सरकवून वस्तू पार नाकाशी न्यायची. नाकापासून चार बोटांवर तिला राईचा दाणा सुपारीएवढा दिसायचा. आता उजव्या डोळ्याला लांबचं चष्म्याशिवाय स्पष्ट आणि जवळच्यासाठी मात्र चष्मा. सगळं उलटं! मी मॉलमधून वाचायचे तीन चष्मे आणले, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक देवाजवळ. आई तो चष्मा घालायची, सुई हातात घ्यायची, आणि सुई दिसायला हवी म्हणून सवयीने चष्मा काढायची!

“आई, घाल तो!”

“घातला होता की.”

“मग काढलास का?”

“बघायचंय मला.”

साठ वर्षांची सवय! मी तिला वस्तू हातभर लांब धरायला शिकवलं. ती म्हणाली, “एवढ्या लांबून दाणा दिसतो, पण काटा दिसत नाही रे.”

“कसला दाणा? कसला काटा?”

“काही नाही,” आई म्हणाली आणि सुई डबीत ठेवून दिली.

त्यानंतर आईने डाव्या डोळ्याचं ऑपरेशन टाळायला सुरुवात केली. पहिली तारीख आली तेव्हा अमावास्या निघाली. दुसरीला धनुर्मास. तिसऱ्या तारखेच्या सकाळी तिचं पोट बिघडलं (आणि दुपारी तिने दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली!). प्रत्येक वेळी मी विमा कंपनीकडून नव्याने मंजुरी आणायची, प्रत्येक वेळी अर्धा अर्धा तास फोनवर संगीत ऐकायचं. मी मुलाला फोन लावला. निखिल आणि त्याची बायको तन्वी सिलिकॉन ओएसिसला राहतात. नोव्हेंबरातच लग्न झालंय त्यांचं.

“तुझी आजी घाबरलीय. तू समजाव तिला.”

“बाबा, इट्स हर आय. लेट हर डिसाइड.”

“इंग्रजीत अक्कल शिकवू नकोस मला!” म्हणून मी फोन ठेवला.

जानेवारी लागला आणि मेधाने आठवण काढली, “अहो, तन्वीची पहिली संक्रांत आहे. हलव्याचे दागिने लागतील.”

“ऑनलाइन मिळतात. तीन ठिकाणचे भाव काढून देतो.”

आई तिथेच बसली होती. ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. मला वाटलं, औषधाच्या थेंबांची वेळ झाली असेल.

आता इथे मला खरं तर शरम वाटायला हवी होती. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आईने हलव्याचे दागिने केलेत. हलवासुद्धा विकतचा नाही. मंद आचेवर परातीत तीळ आणि खसखस घेऊन, त्यावर चमच्याचमच्याने साखरेचा पाक सोडत, बोटांनी दिवसचे दिवस फिरवत बसायचं. मग हळूहळू प्रत्येक दाण्यावर बारीक काटे फुटतात. ते दाणे दोऱ्याच्या फासात एकेक अडकवून मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, नथ. मेधाचे दागिने बघायला तेव्हा निम्मी आळी लोटली होती. हे सगळं मला माहीत होतं. पण डोक्यात व्हॉल्व्ह असले की माणसाला काय काय माहीत असून आठवत नाही!

त्याच आठवड्यात घर बिघडलं. म्हणजे एकदमच बिघडलं. एका संध्याकाळी आलो तर आईच्या खोलीतून गार वारं बाहेर येतंय. आत एसी सोळावर! जानेवारीत! इथे जानेवारीत लोक स्वेटर घालून बाल्कनीत चहा पितात आणि आमच्याकडे एसी सोळावर! मी तो बंद केला. दुसऱ्या दिवशी परत सोळावर. म्हटलं, मशीनच बिघडलंय. देखभालवाल्यांना फोन करून झापलं. त्यांचा माणूस येऊन तपासून गेला आणि म्हणाला, “सर, मशीन ठीक है. कोई सोलह पे करता है.”

“कौन करेगा? मेरी मदर अठहत्तर की है!”

मग मुंग्या आल्या. आठव्या मजल्यावर, वाळवंटातल्या शहरात, मुंग्यांची रांग! हॉलमधून निघून सरळ आईच्या खोलीच्या दाराखाली. मी खाली जाऊन नातूरला पकडलं. (इमारतीच्या रखवालदाराला इथे नातूर म्हणतात. आमचा नातूर पेशावरचा, सहा फूट उंच आणि स्वभावाने गाय.)

“ये बिल्डिंग है या वारूळ?” मी विचारलं. (वारुळाला हिंदीत काय म्हणतात ते रागाच्या भरात आठवलं नाही.)

“साब, चीनी गिरी होगी.”

“मेरे घर में शुगर कोई खाता नहीं! मुझे डायबेटिस है! पेस्ट कंट्रोल बुलाओ!”

“इन्शाल्ला, साब.”

“इन्शाल्ला नहीं! तारीख बोलो!”

दोन दिवसांनी मी सकाळी रास अल खैमाला निघालो, कुट्टीच्या पंपांचं निस्तरायला. अर्ध्या वाटेत फोन आला की मीटिंग उद्यावर गेली, इन्शाल्ला. मी गाडी वळवली, तोंडाने जे यायचं ते येत होतं. अकराच्या सुमाराला घरी पोचतो तर खाली नातूर आणि पाठीवर औषधाची टाकी घेतलेला पेस्ट कंट्रोलवाला उभे. म्हटलं, चला, एक तरी काम वेळेवर होतंय. तिघे वर गेलो. दार मेधाने उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुम्ही? आत्ता?”

“बाजूला हो. मुंग्या मारायच्यात.”

“आईंच्या खोलीत नको! आई झोपल्यात!”

“अकरा वाजता?” मी मुंग्यांच्या रांगेमागोमाग गेलो आणि धाडकन दार उघडलं.

आत हिमालय. पलंगावर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर साखरेचे पांढरे ढीग. जमिनीवर विजेची शेगडी, शेगडीवर परात. आणि खुर्चीत आई. डोक्याला कानटोपी, अंगावर शाल. डाव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरलेला एक पांढरा दाणा. आणि उजव्या डोळ्यावर, तीन कोटेशनांतून निवडलेल्या माझ्या लेन्सवर, दवाखान्यातून झोपताना लावायला दिलेलं प्लास्टिकचं झाकण. चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून पक्कं बंद केलेलं!

“माताजी को चोट लगी?” नातूर घाबरून म्हणाला.

“आई!” माझा आवाज फाटला. “त्या डोळ्याला काय झालं?”

“काही झालेलं नाही. बंद केलाय.”

“बंद केलाय?”

“हो. मध्ये मध्ये करतो तो. हा डोळा नीट बघायला लागला की तो आपला धुरकट काहीतरी पुढे आणतो.”

मग मी जो सुटलो! त्या लेन्सची कडा, तिची घडी, तिची वॉरंटी, विम्याचे फोन, पार्किंग, मनोरा, मेट्रो, सोळावरचा एसी, मुंग्या! मध्ये श्वास घ्यायला थांबलो तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्याने हळूच विचारलं, “सर, स्प्रे करूँ?” आणि मेधा एवढ्या जोरात “नाही!” म्हणाली की तो टाकीसकट दाराबाहेर गेला.

आई शांतपणे दाणा वाटीत ठेवून म्हणाली, “चांगलीच आहे रे तुझी लेन्स. मी कुठे नाही म्हणते? फक्त मला तिचं काम नाही.”

“आणि हा एसी?”

“काटा थंडीत येतो. तुझ्या दुबईला थंडी कुठेय?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तीनदा सांगायला आले. तू भांडत होतास. माझ्याशी नव्हे, कोणाशी ना कोणाशी तरी.” तिने कानटोपी सारखी केली. “आता हा एकच डोळा राहिलाय जवळचा. त्यालाही तू तसंच लांबचं बसवून आणलंस तर मी काय करू? बाल्कनीत बसून मेट्रो मोजू? माझ्या हातांना अजून सगळं येतं रे, माधव.”

नातूर दारातून नाहीसा झाला होता.  मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याची मला सवय नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटात त्याचाही राग झाला. चूक कुणाची? दवाखान्याची! एवढे शिकलेले लोक, पेशंट काय काम करते हे विचारत नाहीत? मी आईला म्हटलं, “चल. आत्ताच्या आत्ता चल. बघतोच त्यांना.”

आईने निघताना पर्समध्ये काहीतरी रुमालात बांधून घेतलं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी बसलोसुद्धा नाही. “आपने पूछा कैसे नहीं? मेरी मदर बारीक काम करती है! पूरी जिंदगी किया है! किसने लिखा कि इनको दूर का चाहिए?”

त्यांनी अदबीने फाइल उघडली, एक कागद काढला आणि माझ्याकडे फिरवला. कॅपिटल अक्षरं. ठसठशीत. ती अक्षरं मी कुठेही ओळखली असती.

व्यवसाय: निल.

जवळून करायचं रोजचं काम: निल.

छंद: टीव्ही.

(आणि टीव्ही आई बघत नाही हो. टीव्ही मी बघतो!)

“ये आपने भरा है ना?” त्यांनी विचारलं.

मी बसलो.  डोळ्यांसमोर सहा चकचकीत पंप उभे राहिले. आईने मान वाकडी करून कागद बघितला. इंग्रजी तिला वाचता येतं, पण टेबलाएवढ्या अंतरावरची अक्षरं तिला कुठल्याच डोळ्याने लागत नव्हती, हे त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडलं.

“काय लिहिलंय रे?”

“काही नाही,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. तेच लिहिलं होतं.

“अम्माजी, आप दिन भर क्या करती हैं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आईचं हिंदी बेताचंच. तिने पर्स उघडली, रुमाल सोडला आणि टेबलावर बाजूबंद आणि चार सुटे दाणे ठेवले. बाजूबंद पांढराशुभ्र, मध्ये काळ्या दोऱ्याची वेल. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. मग त्यांनी एक सुटा दाणा उचलला आणि डोळे तपासायच्या यंत्राखाली धरून त्यात डोकावल्या.

“या अल्लाह,” त्या हळूच म्हणाल्या. “हर दाने पर काँटे हैं. अम्माजी, कितने पास से करती हैं?”

आईने नाकापुढे चार बोटं धरली. डॉक्टरीणबाईंनी टेप काढून ते अंतर मोजलं. माझ्या बावीस वर्षांच्या खरेदीत मी वापरणाऱ्याचं माप असं घेतल्याचं मला आठवेना. मग त्यांनी सांगितलं की डाव्या डोळ्यात जवळची लेन्स बसवता येईल. अगदी चार बोटं नाही, पण वीतभर अंतरावरची नक्की. एक डोळा लांबचा, एक जवळचा, हे सगळ्यांना झेपत नाही, चक्कर येते, म्हणून आधी खूप तपासावं लागतं. “मगर अम्माजी तो महीने भर से खुद ही ट्रायल ले रही हैं. चक्कर आता है?”

“छे,” आई म्हणाली. “याचा आरडाओरडा सुरू झाला की येते तेवढी.”

डाव्या डोळ्याचं संक्रांतीनंतर करायचं ठरलं. आधी तन्वीची नथ पुरी व्हायची होती. पुढचे सात दिवस एसी सोळावर राहिला आणि मी हॉलमध्ये शाल पांघरून बसलो. नातूर रोज वर येऊन दारातूनच विचारून जायचा, “माताजी का काम कितना हुआ?” संक्रांतीला तन्वी काळी साडी नेसून आली. आईने स्वतःच्या हाताने तिला एकेक दागिना घातला. नथीतले दाणे खसखशीएवढे होते.

“आजी, धिस इज अनरिअल,” तन्वी म्हणाली आणि रडायलाच लागली. निखिलने नथीचे चाळीस फोटो काढले. आई एकच डोळा उघडा ठेवून, नाक नथीला लावून, एक काटा मोडला होता तो शोधत होती. माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना तिने वर्षभर गोड बोलायची ताकीद दिली, आणि “निदान दवाखान्यात तरी” अशी सूट लगेच जोडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कुट्टीला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं ते मलाही कळलं नाही. कुट्टीने ऐकून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तो उठला, आपल्या भिंतीवरचा कागद चिकटपट्टीसकट अलगद काढला आणि माझ्या कॉम्प्युटरच्या वर चिकटवला.

“सर, यहाँ ठीक है?”

 संध्याकाळी निघताना मी तो कागद उपटून, घडी घालून, हाताशी होती त्या दवाखान्याच्या फाइलमध्ये कोंबला.

दुसऱ्या ऑपरेशनचा फॉर्म आईने स्वतः भरला. मराठीत, दोन दिवस लावून. ‘व्यवसाय’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘हलव्याचे दागिने करते.’ ‘जवळचं काम’ हा रकाना पुरला नाही म्हणून ती मागच्या पानावर गेली. नातेवाइकाच्या सहीसाठी मी पेन काढलं तेव्हा म्हणाली, “तू राहू दे. मेधाची घेतलीय.” माझ्याकडे फाइल धरायचं काम होतं.

ऑपरेशनच्या सकाळी आई तयार होऊन हॉलच्या त्या टोकाला सोफ्यावर बसली होती. मी दाराशी उभा राहून फाइलमधून विम्याचा कागद शोधत होतो. एकेक कागद काढून चपलांच्या कपाटावर ठेवत होतो. त्यातल्या एका कागदाची घडी आपोआप उलगडली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

“इस्तेमाल, करनेवाले से, पूछा क्या?” आईने सोफ्यावरूनच वाचलं. चष्म्याशिवाय. “छान लिहिलंय. कुणी रे?”

“कुट्टीने,” मी म्हणालो.

आईने डावा डोळा मिटला आणि उजव्याने नीट निरखून बघितलं. “नाही. त्या ‘क’ची शेपटी तुझी आहे. पहिलीत मीच घोटून घेतली होती ती.”

पंधरा फुटांवरून अक्षराची शेपटी ओळखू येते, इतकी ती लेन्स चांगली आहे. मी म्हटलंच होतं, तिन्ही कोटेशनांत तीच सर्वांत सरस!